विश्लेषण : झिओलाइट खनिजावर आम्लप्रक्रिया कशासाठी? महाराष्ट्रातील दगडातून सिलिका मिळेल का?

पाणी शुद्धीकरणापासून दुर्गंधीनाशकांपर्यंत अनेक ठिकाणी झिओलाइटची पावडर वापरली जाते. तिच्यावर आम्लाची प्रक्रिया केली की गुण वाढतात, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

झिओलाइट म्हणजे काय?

सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळीदार सांगाड्याचे हे खनिज. तापवल्यावर त्यातून वाफ निघते, म्हणून स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी 1756 मध्ये त्याला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. जाळीतील छिद्रे एक नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. ॲल्युमिनियममुळे सांगाड्यावर ऋण प्रभार येतो आणि तो सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन धरून ठेवतो.

आम्लामुळे काय बदलते?

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात आधी हे आयन निघून त्यांची जागा हायड्रोजन घेतो. अडलेली छिद्रे मोकळी होतात, पृष्ठफळ वाढते. आम्ल तीव्र केले की ॲल्युमिनियमही विरघळून बाहेर पडते. क्लिनोप्टिलोलाइटसारख्या सिलिकाबहुल खनिजात शेवटी सच्छिद्र सिलिका उरते. नॅट्रोलाइटमध्ये ॲल्युमिनियम जास्त असल्याने सांगाडाच कोसळतो आणि जेली तयार होते.

मग तोटा कोणता?

ॲल्युमिनियम गेले की आयन धरण्याची क्षमताही घटते. त्यामुळे पाण्यातील अमोनियम किंवा जड धातू काढायचे असतील, तर तीव्र आम्लप्रक्रिया उलट नुकसान करते. फुकुशिमा येथील 2011 च्या अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सारी सीझियम काढताना झिओलाइटची हीच क्षमता कामी आली. वायू किंवा सेंद्रिय रेणू अधिशोषित करायचे असतील, तर आम्लप्रक्रिया केलेली पावडर सरस ठरू शकते.

सिलिकासाठी हा मार्ग परवडतो का?

प्रचलित पद्धतीत वाळू आणि सोडा ॲश हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळवतात. आम्लप्रक्रिया मात्र साधारण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आतच होते. भट्टीचे इंधन वाचते; पण ॲल्युमिनियमचे क्षार असलेले आम्लयुक्त सांडपाणी उरते. ते उदासीन करण्याचा किंवा त्यातून क्षार परत मिळवण्याचा खर्च धरल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

महाराष्ट्राला संधी किती?

पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्यूलँडाइटचे देखणे स्फटिक सापडतात. परदेशांत क्लिनोप्टिलोलाइट ज्वालामुखीच्या राखेच्या सलग थरांतून काढले जाते. आपल्याकडे ते विखुरलेले आहे. चांगला स्फटिक संग्राहकांना विकला तर पावडरीपेक्षा कितीतरी जास्त मोल मिळते. त्यामुळे संधी असलीच, तर ती खाणींतून निघणाऱ्या तुटक्या, कमी प्रतीच्या मालात.

सावधगिरी कशात?

एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटची धूळ कर्करोगकारक आहे. तुर्कस्तानातील कप्पाडोशियातील काही गावांनी त्याची किंमत मोजली. सर्व झिओलाइट घातक नाहीत. तरीही दळण्यापूर्वी खनिजाची ओळख पटवणे आणि कामगारांना धुळीपासून वाचवणे ही पहिली अट आहे.