अर्धी कविता ऐकणाऱ्याची

औंढ्याच्या देवळाची कथा हिंगोली जिल्ह्यातल्या लहान पोरांनाही पाठ असते. नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. माणसं जमली, पुजाऱ्यांची वाट अडली. त्यांनी कीर्तनकाराला देवळाच्या मागच्या बाजूला जायला सांगितलं. नामदेव निमूट मागे गेले, टाळ वाजला, नाम सुरू झालं आणि देऊळच फिरलं. देवाचं तोंड कीर्तनाकडे झालं. नंदी देवळाच्या मागच्या अंगाला कसा, असं कुणी नवख्याने विचारलं की आजही हीच कथा सांगतात.

इतिहासाच्या तराजूत ही कथा तोलायची नसते. पण उच्चारलेल्या शब्दाला या मुलखाने काय मोल दिलं, ते तिच्यात नेमकं साठवलेलं आहे. इथल्या लोकांनी देवाला श्रोता केला, आणि चांगला श्रोता बोलणाऱ्याकडे तोंड करून बसतो, हेही त्याच्याकडून करवून घेतलं.

औंढ्याला लागून वसमत तालुका, आणि त्या तालुक्यात कुरुंदा. टोकाईचा डोंगर, केळीच्या बागा, ऊस, आणि 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद. बाहेरच्या वाचकाला मात्र या गावाचं नाव एका आडनावातून कळलेलं असतं. नरहर कुरुंदकरांचा जन्म 15 जुलै 1932 रोजी आजोळी नांदापूरला झाला, मूळ गाव कुरुंदा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवलं, पुढे तिथेच ते प्राचार्य झाले. समीक्षक आणि विचारवंत म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ती पहिल्यांदा त्यांच्या भाषणांबद्दल बोलतात. त्यांची अनेक भाषणं पुढे पुस्तकरूपाने आली. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत ते गेले, तेही व्यासपीठावर.

आता याच जिल्ह्याचा नकाशा उलगडून पाहावा. हिंगोली तालुक्यात नर्सी, नामदेवांचं गाव. कळमनुरी तालुक्यात रुपूर, फ. मुं. शिंदे यांचं गाव. सासवडला 2014 साली झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वसमत तालुक्यात रिधोरा, इंद्रजित भालेराव यांचं गाव. एक तेराव्या-चौदाव्या शतकातला कीर्तनकार आणि दोन आजचे कवी. या दोघांच्या कविता पुस्तकांतून वाचल्या गेल्याच, पण त्याहून कितीतरी अधिक माणसांनी त्या कानांनी ऐकल्या. फ. मुं. यांची ‘आई’ पुस्तक न उघडलेल्या कितीतरी लोकांना तोंडपाठ आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती म्हणणारी मुलगी कवीचं नाव कधी विसरते, कविता विसरत नाही.

कवितेची पुस्तकं खपत नाहीत ही प्रकाशकांची तक्रार जुनी आहे. मग कविसंमेलनाला सतरंज्या का अपुऱ्या पडतात? साहित्य संमेलनात परिसंवादाच्या मांडवात रिकाम्या खुर्च्या दिसतात, त्याच वेळी कविकट्ट्यावर आपली पाळी कधी येते म्हणून कवी रांग लावून बसलेले असतात. लोकांना कविता नको झाली आहे, हे म्हणणं खरं नाही. त्यांना ती कुणाच्या तरी तोंडून हवी आहे, चार माणसांत बसून हवी आहे.

याचं कारण कवितेच्या बांधणीत आहे. ऐकायची कविता अर्धीच रचलेली असते आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली असते. वारकरी कीर्तन पाहा. बुवा एका अभंगावर दोन तास बोलतात, पण मध्येच प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारून थांबतात. पुढचा चरण टाळकरी उचलतात, मृदंग चढतो आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेतली म्हातारीही ओठ हलवू लागते. शाहिराच्या फडात हेच काम झीलकरी करतात. शाहीर ओळ फेकतो, झीलकरी ती झेलतात, आणि तेवढ्या उसंतीत शाहिराला दम मिळतो, श्रोत्याला अर्थ. ध्रुपद परत परत येतं, कारण कानाला मागचं पान उलटून पाहता येत नाही.

मराठवाड्याला याच जातीचा आणखी एक संस्कार मिळाला. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दू होती. वली आणि सिराज यांचं औरंगाबाद ही उर्दू शायरीची जुनी पेठ. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतो. श्रोता अडकतो. दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमक, येतो आणि तो आला रे आला की पुढचा रदीफ, म्हणजे दर शेराच्या शेवटी परत येणारा शब्द, सगळी मैफल मिळून पुरा करते. शेर शायराचा, पण शेवटचा शब्द सगळ्यांचा. विदर्भात सुरेश भटांनी ही किमया मराठीत आणली. ‘रंग माझा वेगळा’ 1974 साली आला, ‘एल्गार’ 1983 साली. पण त्यांची गझल लोकांत रुजली ती त्यांनी स्वतःच्या गळ्यातून तरन्नुममध्ये गावोगाव ऐकवली म्हणून. नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, यातही तीच कळकळ दिसते. हे शास्त्र लोकांच्या हाती गेलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शहरातल्या मराठी कवितेलाही मंचाचं वावडं नव्हतं. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ उभं राहिलं आणि यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाने महाराष्ट्राला कविता ऐकायची गोडी लावली. पुढे वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी काव्यवाचनं केली. तीन आवाज, तीन स्वभाव. बापटांच्या मागे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अनुभव होता, ते त्यांच्या म्हणण्यातून कळायचं. या मैफलींनी एक गोष्ट सिद्ध केली: विंदांसारख्या विचारांनी जड असलेल्या कवीलाही साधा श्रोता मिळतो, फक्त कवीने त्याच्यापर्यंत चालत जायला हवं.

आणि नारायण सुर्वे. ते गात नसत. बोलत. गिरणीतल्या माणसाशी गिरणीतल्या माणसाने बोलावं तसं. 1995 साली परभणीला साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, म्हणजे तेव्हा कुरुंदाही परभणी जिल्ह्यातच होतं. ते संमेलन या गावाचं घरचं होतं. रस्त्यावर वाढलेला एक कामगार साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर पोचला, याला त्यांची पुस्तकं कारण होतीच, पण कामगार वस्त्यांनी ही कविता आधी ऐकली होती, हेही कारण होतं.

शहरातल्या या मंचापेक्षा मोठी आणि कमी गणली गेलेली परंपरा आंबेडकरी जलशांची आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी अक्षर शिकले आणि आयुष्यभर खेड्यापाड्यांत गात फिरले. ज्या वस्त्यांत वर्तमानपत्र पोचत नव्हतं, तिथे राज्यघटना, शिक्षण, संघटना हे शब्द त्यांच्या गाण्यांनी पोचवले. मराठवाड्यात आंबेडकर जयंतीच्या, एप्रिल महिन्यातल्या रात्री आजही त्यांच्या चालींनी भरलेल्या असतात. या कवीला मराठी समीक्षेने पुरेशी जागा दिली नाही, ही तिची मोठी चूक आहे.

रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव या सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात तिथे उभे आहेत. मराठीचे प्राध्यापक म्हणून परभणीत आयुष्य गेलं, पण ‘पीकपाणी’ या 1989 सालच्या संग्रहापासून त्यांची बोली कुणब्याचीच राहिली. ते कविता म्हणतात तेव्हा चाल कुठून येते, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जात्यावरच्या ओवीची, भलरीची, भजनाची चाल कानांत आधीपासून असते. शब्द नवे असतात, वाट जुनी. म्हणून पहिल्याच ऐकण्यात माणसं दुसऱ्या कडव्यापासून सोबत म्हणू लागतात. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हजारो माणसं एका कवीची ओळ उचलतात तेव्हा ती ओळ कवीची राहत नाही. कवीला याहून मोठं मानधन नाही.

जगातही हे होतंच. शिकागोत 1980च्या दशकात मार्क स्मिथ या बांधकामावर राबणाऱ्या कवीने ‘पोएट्री स्लॅम’ सुरू केलं. तिथे श्रोत्यांतूनच पाच परीक्षक निवडतात, ते कवीला दहापैकी गुण देतात आणि कवितेला जेमतेम तीन मिनिटं असतात. तिकडच्या विद्यापीठांत कोंडलेली कविता त्याने लोकांच्या बैठकीत आणली. मुंबई-पुण्यातल्या कॅफेंमध्ये तरुण मुलं-मुली माईकसमोर उभी राहून मराठी-हिंदीत कविता बोलतात, ती त्याच वाऱ्याची झुळूक. त्याआधी 2003 साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केलं आणि कवितेसाठी मराठी माणूस तिकीट काढतो, हे हजाराहून अधिक प्रयोगांत दाखवून दिलं. आता तर फोनच्या पडद्यावर एका मिनिटाची कविता वसमतच्या एसटीत बसलेली मुलगी ऐकते आणि उतरण्याआधी मैत्रिणीला पाठवते.

समीक्षकांचा आक्षेप इथेच सुरू होतो. मंचावरची कविता टाळ्यांसाठी वाकते, विनोदाकडे घसरते, अश्रू ओढून काढते. आक्षेप खोटा नाही. काही कविसंमेलनांत कविता दोन मिनिटांची आणि तिच्याआधीचे किस्से दहा मिनिटांचे असतात. आई, बाप आणि शेतकरी हे तीन विषय घेतले की टाळी हमखास, हेही अनेकांना कळलं आहे. ज्या बापाच्या घामावर ती टाळी मिळते, त्याच्याशी ते बरं वागणं नव्हे.

पण याचं उत्तर मंच टाळण्यात नाही. या प्रश्नाचा विचार भरताने नाट्यशास्त्रात करून ठेवला आहे. ज्या ग्रंथाचा कुरुंदकरांनी आस्थेने अभ्यास केला, त्यावर लिहिलं, त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाची, म्हणजे सिद्धीची, लक्षणं दिली आहेत. सिद्धी दोन प्रकारची. एक मानुषी: प्रेक्षक हसतात, वाहवा करतात, हळहळतात, अंगावर काटा येतो, उठून उभे राहतात, अंगावरची वस्त्रं आणि बोटातल्या अंगठ्या देऊन टाकतात. दुसरी दैवी: तिथे गलबला नसतो, खळबळ नसते, प्रेक्षागृह मात्र भरलेलं असतं. भरताने मानुषी सिद्धीला कमी लेखलं नाही. टाळी, हशा, आसवं ही खरीच कमाई आहे. पण भरल्या मांडवातली शांतता ही त्याने त्यापलीकडची मानली.

मंचावरच्या चांगल्या कवीला ही दुसरी सिद्धी ओळखता येते. तो टाळीची ओळ झाली की लगेच पुढचं कडवं उचलत नाही, थांबतो. सतरंजीवरचं पोर रडायचं थांबलेलं असतं, मागे चहाच्या कपांचा आवाज बंद झालेला असतो. त्या दोन-तीन क्षणांत श्रोता आपली अर्धी कविता पुरी करत असतो. छापील पानावर या थांबण्याला खूण नाही.

म्हणूनच या कवितेचं जतन पुस्तकाने पुरं होत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव कवी होता, त्यामुळे गाणी टिपून राहिली आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने 1952 साली छापली गेली. शब्द वाचले. जळगावच्या त्या शेतात आणि घरोट्यावर ती ज्या गळ्यातून उमटली, तो गळा गेला. याउलट गी पोइत्वा आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम हाती घेतलं, शब्दांबरोबर पुढे आवाजही टिपला, गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात कुणालाही पाहता येतो, आणि त्यातल्या अनेक ओव्या त्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात.

कुरुंद्यात, रिधोऱ्यात, नर्सीत, रुपुरात अजून अशा म्हाताऱ्या आहेत, ज्यांना सकाळच्या दळणाच्या ओव्या येतात. जलशात गेलेले झीलकरी आहेत, भजनी मंडळातले टाळकरी आहेत ज्यांना एकाच अभंगाच्या चार-चार चाली येतात. त्यांच्या नातवांच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. येत्या दिवाळीला गावी जाल तेव्हा आजीला जात्यापाशी नाही तरी ओट्यावर बसवा, फोन चालू करा आणि तिला गाऊ द्या. मध्ये बोलू नका. ती थांबली तरी लगेच बंद करू नका. शेवटी तिचं नाव, माहेरचं गाव आणि ही ओवी तिला कुणाकडून आली, एवढं तिच्याच तोंडून वदवून घ्या.