सुगीतले कुसळ

दिवाळीची सुट्टी संपवून मंडळी गावाहून परतली, की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येते. "डॉक्टर, याच्या डोळ्यात काहीतरी खुपतंय हो!" भाताची झोडणी चाललेली असते, शहरातली मुले हौसेने खळ्यावर जातात आणि एखादे कुसळ डोळ्यात उडते. (म्हणीतले कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात असते, हे आपल्याच!)

कुसळ निघून जाते. पण बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, म्हणजे पारपटलावर, ओरखडा राहतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. १८७९ साली थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने असा पहिला रोगी वर्णिला. तोही मळणी करताना डोळ्यात तूस गेलेला शेतकरीच होता. पावसाळ्यात चिखलपाण्यातून होणारी पारपटलाची दुखणी वेगळी. ती बहुधा लवकर आवरतात. सुगीची बुरशी मात्र चिवट. ती सावकाश वाढते, म्हणूनच घरचे गाफील राहतात.

गेल्या वर्षी एक तेरा वर्षांचा मुलगा आठव्या दिवशी आला. मामांचे डोळे आले होते तेव्हाची थेंबांची उरलेली बाटली कपाटात होती, तीच सर्वांनी प्रेमाने वापरली. लाली ओसरली, सर्वांना हायसे वाटले. पण त्या थेंबांत स्टेरॉइड होते! ते सूज दाबते, तशी शरीराची प्रतिकारशक्तीही दाबते. बुरशीला रान मोकळे. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तेव्हा आईचे धाबे दणाणले.

व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बुरशीचे धागे दिसले. नॅटामायसिनचे थेंब सुरू केले, पहिले काही दिवस तासातासाला, रात्रीसुद्धा. औषध जुनेच, पण दक्षिण भारतातील अरविंद नेत्ररुग्णालयांतल्या चाचणीत, २०१३ साली, व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा तेच सरस ठरले. आईने घड्याळाचा गजर लावून सहा आठवडे काढले. डोळा वाचला. फूल मात्र पडले, आणि त्या डोळ्याने फळ्यावरची अक्षरे अजून धूसर दिसतात.

पहिल्याच दिवशी आला असता तर? डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवायचा, दूध, मध, तूप काही घालायचे नाही आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. एवढेच करायचे होते.

परवा आई तपासणीला घेऊन आली होती. मामांनी यंदाही झोडणीला बोलावले आहे. खळ्यावर घालायला दोन चष्मे आणून ठेवलेत म्हणे, एक भाच्याला आणि एक स्वतःला.