जीवदयेची पावती आणि तीन पायांची मांजर



आज जरा कडू लिहिणार आहे. चातुर्मास चालू आहे, बस्तीत रोज स्वाध्याय होतो, जिच्या तिच्या तोंडी जीवदया आहे. हे आत्ता नाही बोलायचं तर कधी?

एका मांजरीला घर हवं आहे. त्यासाठी गेल्या महिन्यात मी अठरा घरी फोन केले. त्यातली सतरा घरं आपल्याच समाजातली. प्रत्येकीचं उत्तर वहीत टिपून ठेवलं, बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. सात जणी म्हणाल्या, "मांजर मांसाहारी, आपल्या घरात कसं चालेल?" चार जणी म्हणाल्या, "आमच्याकडे चौका लागतो, सोवळं असतं." तिघी म्हणाल्या, "एवढी भित्री मांजर घेऊन करायचं काय? पर्शियन असली तर सांग." तिघींनी सांगितलं, "मी दर वर्षी पांजरपोळाची पावती करते, माझा वाटा झाला." उरलेली एक 'हो' म्हणाली. तिचं पुढे सांगते.

आधी मांजरीची ओळख. दीड-दोन वर्षांची, करड्या पट्ट्यांची, साधी रस्त्यावरची मांजर. कोल्हापुरात भाजी मंडईजवळ गाडीखाली तिचा मागचा डावा पाय चिरडला. एका शेल्टरच्या मुलींनी उचलून दवाखान्यात नेलं. हाड जुळण्यासारखं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पाय मांडीपासून काढला. आता टाके निघाले आहेत, जखम भरली आहे. तीन पायांवर मांजर छान चालते. फक्त पुढचे काही आठवडे उंचावरून उड्या नकोत, फरशी निसरडी नको आणि शांतता हवी. नेमकी शांतताच तिथे नाही. शेजारच्या पिंजऱ्यांत दिवसभर कुत्री भुंकतात. ही मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. माणूस समोर असलं की खात नाही, रात्री सगळे गेल्यावर खाते. मुली तिला चिंगी म्हणतात. मांजर न्यायला येणारे लोक पायांत घोटाळणारं पिल्लू उचलतात आणि जातात. चिंगी तिथेच राहते.

"मग तूच का नाही ठेवून घेत?" हा प्रश्न येणारच. आमच्या घरी अकरा वर्षांची मांजर आहे. तिची मूत्रपिंडं अधू झाली आहेत आणि दुसरं मांजर दिसलं की ती अंगावर धावून जाते. घाबरलेल्या, दुखऱ्या जिवाला तिच्यापुढे आणून सोडणं ही दया नव्हे.

आता आपल्या समाजाबद्दल. 2025 च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला वनतारात नेली, तेव्हा आपण सगळ्या रडलो. सह्या केल्या, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत लोक पायी चालत आले. त्याच ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, तेव्हा मुंबईत आपले लोक रस्त्यावर उतरले. त्यात कोण बरोबर, कोण चूक हा वाद आज घालत नाही. मी एवढंच बघते की हत्तीण मठात होती आणि कबुतरं चौकात होती. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत त्यांतलं कोणी येणार नव्हतं. जीव जितका लांब, तितकी आपली दया मोठी, असं तर झालेलं नाही ना?

पहिला आक्षेप मांसाहाराचा. तो मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याला शास्त्राचा आधार आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणं अनर्थदंडात मोजलं आहे. श्वेतांबर भगिनी हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्राचा दाखला देतील; श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत तिथे असतीपोषण सांगितलं आहे आणि त्यात मांजर, कुत्रा येतात. पण नीट वाचा. योगशास्त्रात तो दोष धनासाठी पाळण्याचा आहे. पोपट, मैना, मोर हेही त्याच यादीत आहेत, म्हणजे मुद्दा केवळ मांस खाण्याचा नाही, जिवाचा धंदा करण्याचा आहे. आणि अनर्थदंड म्हणजे निष्प्रयोजन पाप. पूर्वी वाड्यांत आणि धान्याच्या कोठारांत मांजर पाळत ते कशासाठी? उंदीर मारावेत म्हणून. ते हिंसेचं हत्यार घरात ठेवणंच होतं. चिंगीला कोणी उंदीर मारायला बोलावत नाही. उलट ती बंद खोलीत राहिली तर एक चिमणी, एक पाल, एक उंदीर मरणार नाही. शस्त्रक्रिया करून तिची पिल्लं होणंही थांबवलं आहे. रस्त्यावरची मांजर आणि घरातली मांजर यांत हिंसा कुठे कमी, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि आपल्या कथा काय सांगतात? पार्श्वकुमारांनी तापसाच्या लाकडातल्या नाग-नागिणीवर करुणा केली, तेव्हा तुम्ही बेडूक खाता का, असं विचारलं नाही. त्या जोडीला आपण धरणेंद्र-पद्मावती म्हणून ओळखतो आणि हुमच्याला जाऊन पद्मावतीची ओटी भरतो. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला. महावीरांचा जीव पूर्वभवात सिंह होता आणि चारण मुनींनी आकाशातून खाली उतरून त्याला उपदेश केला. समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय शेजारी बसलेले आपण लहानपणापासून बघतो. हिंस्र म्हणून तिथे कोणाला दारातून परत पाठवलेलं नाही.

दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय आपल्याच समाजाचं. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार-ससाणा आला तर त्याला मुक्कामी ठेवत नाहीत, पण मलमपट्टी केल्याशिवाय परतही पाठवत नाहीत. मर्यादा पाळूनही दया करता येते, ती अशी.

राहिला खाण्याचा प्रश्न. इथे आपण स्वतःला फसवतो. "आमच्याकडे आली तर दूधभात खाईल, आपल्यासारखी सात्त्विक होईल," असं मला दोघींनी सांगितलं. मैत्रिणींनो, मांजर गाय नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. ते मांसात असतं, दूधभातात पुरेसं नसतं. ते कमी पडलं तर मांजराची नजर जाते, हृदय पसरून निकामी होतं. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये संशोधकांनी दाखवून दिला. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ करतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मांजराला कोंडून दूधभातावर ठेवायचं आणि हळूहळू आंधळं करायचं, हा अन्नपाननिरोध नाही तर काय?

मग काय करायचं? मी काय करते ते सांगते. मांजराचं कोरडं खाणं बंद पाकिटात मिळतं. त्यात कोंबडी किंवा मासा असतो. आमच्याकडे ते मागच्या बाल्कनीत वेगळ्या डब्यात असतं, भांडं वेगळं, चमचा वेगळा, धुण्याची जागा वेगळी. स्वयंपाकघराचा उंबरा ते ओलांडत नाही. त्या पाकिटात हिंसा आहे, हे मी कुठल्याही गोड शब्दांनी झाकणार नाही. पण त्या जिवाचा देह निसर्गाने तसाच घडवला आहे आणि तो जीव आज माझ्यासमोर आहे. माझ्या व्रताचं ओझं मी त्याच्या पोटावर टाकू शकत नाही. कोणाला ते पाकीट हातात धरवत नसेल, तर मी तिला दोष देणार नाही. तिने सरळ म्हणावं, "माझ्याने होणार नाही," आणि दुसरं काम घ्यावं. "मांजराला शाकाहारी करू" म्हणून मात्र नेऊ नये.

दुसरा आक्षेप चौक्याचा. मुनींच्या आहारात पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तर अंतराय होतो, हे खरं. पण आहाराच्या दिवशी आपण नातवंडांनाही आतल्या खोलीत बसवतोच ना? एक दार लावून घ्यायचं. भित्री मांजर तर बोलावूनही बाहेर येत नाही! वर्षातून चार दिवसांच्या चौक्यासाठी तीनशे साठ दिवस दार बंद ठेवण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त लागला. "भित्री मांजर काय कामाची?" पर्शियन चालते म्हणे. पर्शियन काय उपवास करते? म्हणजे अडचण मांसाची नव्हती, रूपाची होती. दया करायची आणि बदल्यात मांडीवर बसलेल्या मांजराचा फोटोही हवा, हा सौदा झाला. बी.कॉम. झालेल्या बाईला सौदा आणि दान यांतला फरक कळतो.

आणि भित्र्या मांजराचं फार काही करावंही लागत नाही. एक छोटी खोली, तिच्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवायचं, एका बाजूला पाणी-खाणं, दुसऱ्या बाजूला मातीचा ट्रे. पायाखाली जुनी सतरंजी, म्हणजे तिचा पाय घसरणार नाही. खोक्यातून ओढून काढायचं नाही. लपायला जागा मिळाली की मांजराचा जीव लवकर थाऱ्यावर येतो. रोज ठरल्या वेळी जाऊन खाली बसायचं, तिच्याकडे रोखून बघायचं नाही. जप करायचा असेल तर तिथेच करा, हळू एकसुरी आवाजाची तिला सवय होते. आठ दिवस लागतील, नाहीतर दोन महिने. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टरांना फोन करायचा, कारण उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढते. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही द्यायची नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. आणि ऐका, कांदा-लसूण मांजराला विषासारखे आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा-लसूण मुळात घरात नसलेली घरं कोणाची? आपली. दुपारी शांत असलेली, दिवेलागणीआधी जेवून आवरलेली घरं कोणाची? आपलीच. या मांजरीसाठी यापेक्षा चांगलं घर कुठे शोधू?

आता त्या 'हो' म्हणणाऱ्या अठराव्या बाईबद्दल. ती आपल्या समाजातली नाही. भाड्याच्या घरात राहते. मालक आपल्यातले आहेत, मांस शिजवायचं नाही या अटीवर त्यांनी घर दिलं आणि ती अट ती काटेकोर पाळते. तिने चिंगीबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "मांजराचं पाकीटही आमच्या घरात चालणार नाही." ज्या बाईने आपल्या अहिंसेचा मान राखून स्वतःच्या ताटातलं सोडलं, तिला आपण एका लंगड्या जिवाला आसरा देऊ देत नाही. मैत्रिणींनो, हे मला पचत नाही. स्वतः दार उघडायचं नाही आणि दुसरी उघडते तर कडी लावायची, याला जीवदया म्हणू नका.

पावतीबद्दलही बोलते. पांजरपोळाला जरूर द्या, मीही देते. पण पैसे दिले म्हणून कोणाची भीती जात नाही. शेल्टरच्या मुलींनी ऑपरेशनचे पैसे वर्गणीने जमवले, औषधं दिली, रात्री जागल्या. आता जे हवं आहे ते त्यांच्याकडे नाही. बंद होणारं एक दार आणि रोज तेच येणारं एक माणूस, एवढं त्यांना पैशाने विकत आणता येत नाही.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. जिच्याकडे एक रिकामी खोली आहे, तिने चिंगीला सहा आठवडे न्यावं. खाणं आणि औषध शेल्टरच्या मुली आणून देतील. जमलं तर कायमची ठेवा, नाही जमलं तर तोवर ती माणसाळलेली असेल आणि दुसरं घर मिळणं सोपं जाईल. जिला हे शक्य नाही, तिने आपल्या घरात किंवा नात्यात भाडेकरू असतील तर मांजरावरची अट काढायला लावावी. आणि जिला तेही शक्य नाही, तिने निदान चिंगीसाठी घर शोधायला माझ्याबरोबर चार फोन करावेत.

निरोप बस्तीत दिलात तरी माझ्यापर्यंत पोचेल. वहीत एकोणिसाव्या ओळीची जागा मोकळी आहे.

जय जिनेंद्र.