वेगाला यंत्राचा लगाम

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या ‘सुपर गॅस’ वर्गात पाव मैलासाठी ९.९० सेकंदांचा काळ मुक्रर असून त्याहून लवकर पोचणारा सामान्यतः बाद ठरतो. म्हणूनच तेथील जाणकार, गाडी सुटल्यावर थ्रॉटल काही काळ अंशतः मिटवून ठेवणारा ‘थ्रॉटल स्टॉप’, हवेचे तापमान व आर्द्रता पाहून, सेकंदाच्या शतांशापर्यंत बेतून बसवितात. जेथे वेग हेच सर्वस्व, तेथेही संयम यंत्राच्याच स्वाधीन करावा लागतो, हे तत्त्व तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून बोईसर-चिल्हार मार्गे महामार्गावर येणाऱ्या रसायनवाहू टँकरांना अधिकच लागू आहे.

२०१५च्या केंद्रीय अधिसूचनेने टँकरांच्या वेगनियंत्रकाची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर ठरविली. परंतु योग्यतेच्या दाखल्याच्या दिवशी शाबूत असलेली नियंत्रकाची मोहोर आणि तार दुसऱ्या दिवशीही शाबूत असेल, याची हमी तो दाखला देत नाही. वेळेच्या खोळंब्याची तक्रारही पोकळ आहे, कारण ताशी ८०च्या वेगाने २० किलोमीटरांत जेमतेम ५ मिनिटे वाचतात. सबब, परिवहन खात्याने ही तपासणी दफ्तरातून वसाहतीच्या नाक्यावर आणावी, आणि माल भरणाऱ्या कारखानदारानेही मोहोर पाहिल्यावाचून टँकर फाटकाबाहेर सोडू नये.