गुपित कोणाच्या तिजोरीत?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा या गावाचे नाव आज वर्तमानपत्रांत क्वचितच येते. परंतु १७२४ साली दक्षिणेचे भवितव्य याच गावाच्या शिवारात ठरले. निजामुल्मुल्काला दख्खनमधून उखडून काढण्यासाठी दिल्ली दरबाराने हैदराबादच्या मुबारिजखानाला आतून उभे केले. तो बेत निजामाच्या कानी गेला, आणि साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानच कामास आला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. दरबारातील कुजबुज आणि रणांगणावरील प्रेते यांत अंतर किती थोडे असते, हे वऱ्हाडच्या या मातीने तीनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे. दिल्लीला मात्र ते अजून पुरते उमगले आहे, असे आम्हांस वाटत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकाने एक बातमी दिली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जात असलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांची तब्बल २२,४०० पाने बाहेर फुटली होती. कोणत्या वेगाला पाणबुडी किती आवाज करते, किती खोल जाते, तिचे कान कोणत्या ध्वनिलहरी टिपतात, पाणतीर कसे सुटतात, संदेश कसे जातात, हे सारे त्या पानांत असल्याचे सांगितले गेले. पाणबुडीचे सारे सामर्थ्य न दिसण्यात आणि न ऐकू येण्यात असते. तिचा आवाज शत्रूला ओळखता आला, की पोलाद कितीही जाड असले तरी ती उघडी पडली. परवलीचा शब्द एका रात्रीत बदलता येतो. पण बांधलेल्या पाणबुडीचा आवाज कसा बदलणार? तिचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे, आणि फुटलेल्या माहितीचेही तेवढेच.

मग आपल्याकडे काय झाले? संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी प्रथम चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत फार चिंता करण्याचे कारण नाही असे सांगितले. नौदलाने खुलासा केला की, प्रसिद्ध झालेल्या पानांतील महत्त्वाचे आकडे काळ्या शाईने झाकलेले आहेत. अहो, ते झाकले कोणी? त्या वृत्तपत्राने! ज्याच्या हाती मूळ तबकडी होती त्याच्यापुढे कोणती काळी शाई होती? परक्या संपादकाच्या सद्‌बुद्धीवर आपल्या नौदलाने समाधान मानावे, याचे आम्हांस दुःख वाटते.

त्याच बातमीनुसार ही कागदपत्रे २०११ च्या सुमारास फ्रान्समधून निघाली. नेणारा फ्रेंच नौदलातील एक माजी अधिकारी, त्या वेळी मूळ कंपनीच्या एका पोट-ठेकेदाराकडे काम करणारा. पुढे ती आग्नेय आशियात गेली आणि तेथून साध्या टपालाने ऑस्ट्रेलियात पोचली. म्हणजे दिल्लीचे कुलूप शाबूत, माझगावचेही शाबूत, आणि तरीही तिजोरी रिकामी! २००५ साली अठरा हजार कोटींहून अधिक रुपयांचा करार करताना आपण पाणबुड्या विकत घेतल्या. त्यांचे गुपित मात्र विक्रेत्याच्या घरीच राहिले, आणि त्या घराला दारे किती होती हे कोणी मोजले नाही. डीसीएनएस कंपनीने पुढील प्रसिद्धीविरुद्ध ऑस्ट्रेलियन न्यायालयातून मनाई आणली. कंपनीने आपली अब्रू राखण्याची तत्परता दाखवली, हे खरे. आपल्या नुकसानीचा हिशेब मात्र जनतेपुढे आला नाही.

आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे. तो कारकुनाला, अभियंत्याला, प्रसंगी पत्रकारालाही धाक घालतो. नौदलाचे काम करणाऱ्या एका खाजगी कंपनीतील ठाणे परिसरातल्या तरुण अभियंत्याला मे २०२५ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. त्याचा दोष न्यायालय ठरवील. पण ठेकेदाराचा माणूसही राष्ट्राच्या गुपितापर्यंत पोचू शकतो, हे पोलिसांनीच मान्य केले असा त्याचा अर्थ. फ्रान्समध्ये बसलेल्या फ्रेंच नागरिकापर्यंत मात्र या कायद्याचा हात पोचत नाही. तेथे पोचतो तो फक्त करार, आणि करारात जे लिहिलेले नाही ते वसूल करता येत नाही. आपण घासाघीस करतो ती किमतीची, मुदतीची, आणि फार तर तंत्रज्ञान हस्तांतरणाची.

स्कॉर्पीनमालिकेतील सहावी 'वागशीर' जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव गोदी आणि जर्मनीची थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स यांच्या वाटाघाटी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्या. या व्यवहाराच्या कागदांत काय असावे? आराखड्याच्या प्रत्येक प्रतीची नोंद. प्रत्येक पोट-ठेकेदाराचे नाव. आपल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या कचेऱ्या तपासण्याचा हक्क. आणि माहिती फुटल्यास मूळ विक्रेत्याने, आपला नोकर असो वा ठेकेदाराचा, सबब न सांगता भरावयाचा दंड. किंमत यामुळे वाढेल, हे आम्ही जाणतो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आकडे गुप्त ठेवावेत. परंतु अशी कलमे करारात आहेत की नाहीत, एवढे तरी संरक्षण खात्याला विचारावे. दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारण्याची वेळ आली, तेव्हा तबकडी केव्हाच टपालात पडलेली होती.