जिंकायचे पाच रस्ते म्हणे

'अल्फा सेंटॉरी'मध्ये नवा डाव मांडताना नियमांची यादी समोर येते. तिच्यात जिंकण्याच्या पाच चौकटी असतात. 'टोटल वॉर': सगळ्यांना चिरडून जिंका. 'पीस इन अवर टाइम': ग्रहाच्या परिषदेत सर्वोच्च नेता म्हणून निवडून या. 'माइन, ऑल माइन': ऊर्जेचा सगळा बाजार खिशात घाला. 'हायर गोल': माणूसपण ओलांडून ग्रहाच्या जाणिवेत विलीन व्हा. 'वन फॉर ऑल': मित्रांसोबत मिळून जिंका. हवी तिथे खूण करा, नको ती काढा.

या पाच चौकटींचं कौतुक पंचवीसहून जास्त वर्षं चालू आहे. किती मोकळा गेम, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे जिंकता येतं, वगैरे. माझ्या मते ही शुद्ध थाप आहे. रस्ता एकच आहे. शेवटच्या फाटकावर पाट्या तेवढ्या पाच लावल्यात.

ज्यांची या गेमशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९चा गेम, फिरॅक्सिस कंपनीचा. खोक्यावर नाव सिड मायरचं, पण डिझाइन ब्रायन रेनॉल्ड्सचं, म्हणजे 'सिव्हिलायझेशन २' ज्यानं केला त्याचं. पृथ्वी सोडून निघालेलं 'युनिटी' हे जहाज अल्फा सेंटॉरीला पोचेपर्यंत आतली माणसं फुटतात आणि सात गट सात दिशांना उतरतात. तुम्ही त्यातला एक गट चालवायचा. टर्न-बेस्ड, म्हणजे बुद्धिबळासारखं. तुमची चाल संपल्याशिवाय जग हलत नाही. ग्राफिक्स आजच्या फोनवरच्या कुठल्याही फुकट गेमपेक्षा गरीब आहेत. तरीही लिखाणाच्या आणि विचाराच्या बाबतीत त्याच्या जवळपास येणारे गेम मला फार सापडलेले नाहीत. म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

आता तो एक रस्ता.

कुठलंही गाइड उघडा. पहिला सल्ला असतो: बेस वाढवा, जवळजवळ वसवा, थांबू नका. कारण सरळ आहे. बेस ज्या चौकोनावर बसतो तो चौकोन फुकट उत्पन्न देतो, तिथे कामाला माणूस लावावा लागत नाही. मग एका मोठ्या शहरापेक्षा दहा खुराडी कधीही फायद्याची. इंग्रजीत याला 'इन्फिनिट सिटी स्प्रॉल' असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे हायवेच्या कडेला ते रोज दिसतं, त्याला कुणी स्ट्रॅटेजी म्हणत नाही.

दुसरा सल्ला: क्रॉलर. सप्लाय क्रॉलर म्हणजे चाकांवरचं एक बिनमाणसाचं यंत्र. ते एखाद्या चौकोनावर उभं करायचं आणि तिथलं अन्न, खनिजं किंवा ऊर्जा यांपैकी एक गोष्ट बेसला पोचत राहते. साधा क्रॉलर बनवायला ३० खनिजं लागतात. जंगलाच्या चौकोनावर उभा केला की दर टर्नला २ खनिजं येतात. पंधरा टर्नमध्ये वसूल, पुढचं सगळं नफ्यात. आणि जंगल या गेममध्ये आपोआप पसरतं. म्हणजे आधी झाड लावा, मग क्रॉलर लावा, मग क्रॉलरच्या कमाईतून आणखी क्रॉलर. चक्रवाढ व्याज ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. कॉम्प्युटरचे गट क्रॉलर असे वापरत नाहीत. त्यामुळे शंभरेक टर्न झाल्या की निकाल लागलेला असतो. पुढचे काही तास फक्त त्या निकालाची टायपिंग असते.

आता पाच चौकटींकडे परत या आणि हा एकच रस्ता प्रत्येकीत कसा शिरतो ते बघा.

युद्धाचं सोडून द्या, ज्याच्याकडे कारखाने जास्त तो जिंकणार, त्यात नवल नाही. मित्रांसोबतचा विजय म्हणजे तुम्ही जिंकत असताना ते शेजारी उभे असणं. बाजार खिशात घालण्याचा विजय मात्र बघण्यासारखा आहे. त्याची किंमत कशी ठरते? इतरांचे सगळे बेस फितवून आपल्याकडे ओढायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी. ती भरा, वीस टर्न आपलं मुख्यालय टिकवा, जिंकलात. याचा सरळ अर्थ असा की इतरांचे बेस जितके कमी तितका सौदा स्वस्त. आधी रणगाडे पाठवून शेजाऱ्यांचे अर्धे बेस घ्या आणि मग 'व्यापारानं' जिंका. मॉर्गन हा गेममधला अब्जाधीश बाजाराच्या स्वातंत्र्यावर सुंदर बोलतो, पण त्याचा विजय स्वस्तात आणतो तो तोफखाना.

निवडणूक तर मला सगळ्यात जिव्हारी लागते, कारण तिथे आपला माणूस आहे. प्रवीण लाल, जहाजावरचे भारतीय सर्जन, संयुक्त राष्ट्रांची सनद उराशी धरून बसलेले. त्यांच्या गटाला परिषदेच्या निवडणुकीत दुप्पट मतं असतात. सर्वोच्च नेता व्हायला ७५ टक्के मतं लागतात आणि मतं लोकसंख्येवर मोजली जातात. आता हिशेब करा. बाकी सगळ्या ग्रहाची लोकसंख्या १०० असेल आणि लाल यांची १५०, तर मतं झाली ३०० विरुद्ध १००. बरोबर ७५ टक्के. इतर बोनस सोडा, एकाही परक्या माणसाचं मत न घेता, ग्रहावरची ६० टक्के माणसं नुसती स्वतःच्या खुराड्यांत जन्माला घालून लाल लोकशाही पद्धतीनं सर्वोच्च नेते होतात. चौकटीचं नाव 'पीस इन अवर टाइम' ठेवणाऱ्याला यातली गोम कळली असावी. १९३८मध्ये म्युनिकहून परतलेल्या चेंबरलेनच्या तोंडी जगानं कायमचे चिकटवलेले हे शब्द आहेत, आणि त्यानंतर वर्षभरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

उरला 'हायर गोल'. गेमची सगळी कथा या क्षणाकडे चाललेली असते. हा ग्रह जिवंत आहे. त्याच्या लालसर बुरशीत एक जाणीव आहे, तुम्ही जमीन ओरबाडलीत तर ती माइंड वर्म्सचे थवे अंगावर सोडते. अखेर माणूस आणि ग्रह एकरूप होतात. वाचताना अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात काय करायचं असतं? 'व्हॉइस ऑफ प्लॅनेट' हा प्रकल्प उभा राहिला की 'असेंट टू ट्रान्सेन्डन्स' हा प्रकल्प बांधायचा. एरवी दुसरं कुठलं युनिट प्रकल्पात मोडलं तर निम्मी खनिजं मिळतात, क्रॉलर मोडला तर पूर्ण. म्हणून अनुभवी खेळाडू आधीपासून बेसच्या दारात क्रॉलरची रांग लावून ठेवतो आणि एका टर्नमध्ये सगळे आत ढकलतो. म्हणजे मानवजातीचा मोक्ष खडी वाहणाऱ्या डंपरांच्या रांगेतून येतो! तुम्ही आयुष्यभर ग्रहाशी कसे वागलात, किती बोअरहोल खणलेत, किती बुरशी जाळलीत, हे त्या शेवटच्या दारावर कुणी विचारत नाही. पावती दाखवा, आत जा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: भाऊ, गेम आहे, जिंकायलाच खेळतात. तुला नको तर क्रॉलर वापरू नकोस.

पहिल्या वाक्याशी माझं वाकडं नाही. जिंकायचा प्रयत्न न करणारा खेळाडू समोरच्याचाही डाव नासवतो. पण 'तू वापरू नकोस' हे उत्तर डिझाइन करणाऱ्याला फार स्वस्तात सोडतं. 'सिव्हिलायझेशन ४'चा डिझायनर सोरेन जॉन्सन याचं म्हणणं प्रसिद्ध आहे: संधी दिली तर खेळाडू फायद्याच्या मागे लागून स्वतःच्याच खेळातली मजा पुसून टाकतात. पाण्याला फट सापडली की ते तिथूनच वाहणार. फट बुजवायची जबाबदारी पाण्याची नसते.

आणि आपण ज्या शाळेतून आलोय तिथे तर फट शोधण्यालाच हुशारी म्हणतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत परीक्षेच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या 'आयएमपी' प्रश्नांच्या पीडीएफपेक्षा जास्त वाचलं गेलेलं पुस्तक मला माहीत नाही. पुढे एका नोकरीत आमचं काम बंद केलेल्या तिकिटांच्या संख्येवर मोजायला लागले, तर सहा महिन्यांत एकेका बगची पाच-पाच तिकिटं झाली. खुराडीच ती. बग तेवढेच, डॅशबोर्ड हिरवागार. त्यामुळे दिवसभर हेच करून रात्री लॅपटॉपवर एक अख्खा ग्रह उघडावा आणि तिथेही पहिला व्हिडिओ 'बेस्ट ओपनिंग, २०२५ मेटा' असा यावा, याचा मला राग येतो. ज्याला दुसरा ग्रह मिळाला तरी तिथे फक्त थ्रूपुट दिसतो, त्याला तो ग्रह कशाला दाखवायचा?

चिडचिड पुरे. यातून वाट निघते का, तर निघते, आणि ती याच गेममध्ये पडून आहे.

या गेमची सगळ्यात चांगली कल्पना विजयाच्या यादीत नाहीच, ती समाजरचनेच्या पडद्यावर आहे. तिथे तुम्ही राजकारण, अर्थकारण आणि मूल्यं निवडता. आणि प्रत्येक नेत्याला एक गोष्ट वर्ज्य आहे. लाल पोलिसी राज्य आणू शकत नाहीत. डीर्ड्रीला मुक्त बाजार चालत नाही, मॉर्गनला नियोजित अर्थव्यवस्था. झाखारोव्हला धर्मसत्ता बंद, मिरियमला ज्ञान हे मूल्य बंद. यांगला लोकशाही नाही, सांतियागोला संपत्ती नाही. कोण काय मिळवू शकतो यापेक्षा कोण काय करणार नाही, यातून माणूस घडवलाय. विजयाच्या अटी लिहिताना नेमका याचाच विसर पडला.

ज्यांना याचा विसर पडला नाही असे गेम आहेत. 'इन टू द ब्रीच' (२०१८, सबसेट गेम्स) घ्या. आठ बाय आठचा पट, तीन यंत्रमानव, शत्रूची पुढची चाल आधीच दिसते. तिथे क्रॉलर नाहीत, साम्राज्य नाही. इमारत पडली की पॉवर ग्रिड घटतो आणि त्या घटलेल्या ग्रिडसह पुढच्या लढाईत जायचं. किडे किती मारले याला जवळपास किंमत नाही, काय वाचलं हेच मोजलं जातं. त्यामुळे आपलं यंत्र मुद्दाम मारात उभं करावंसं वाटतं, मागची वस्ती वाचावी म्हणून. विजयाची अट बदलली की खेळणाऱ्याची नजर कशी बदलते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

'अल्फा सेंटॉरी'ची अट आपण बदलू शकत नाही, पण स्वतःपुरती एक ओळ वाढवू शकतो. माझी अशी: लाल घ्यायचे, आणि परिषदेत माझी स्वतःची मतं एकूण मतांच्या निम्म्याहून कमी असतानाच निवडणुकीला उभं राहायचं. म्हणजे ७५ टक्क्यांसाठी किमान चौथा हिस्सा परक्यांकडून आलाच पाहिजे.

बस्स, एवढ्यानं अख्खा गेम उलटा होतो. कारण परक्यांची मतं क्रॉलरनं येत नाहीत. प्रत्येक नेत्याची एक आवडती व्यवस्था असते आणि तुम्ही ती राबवलीत की त्याचा सूर मऊ होतो. डीर्ड्रीला हरित अर्थव्यवस्था हवी, मॉर्गनला मुक्त बाजार. दोन्ही एकाच रकान्यात, म्हणजे एकालाच खूश करता येतं. झाखारोव्हला ज्ञान हवं, सांतियागोला सत्ता, पुन्हा एकच. आणि लाल यांनी लोकशाही धरली की धर्मसत्तावाली मिरियम आणि पोलिसी राज्यवाला यांग दोघंही दुरावले. सहापैकी फार तर दोघांच्या मनासारखं वागता येतं. बाकीच्यांना तंत्रज्ञान द्या, त्यांच्या युद्धात उतरा, किंवा त्यांना विसरा.

मी बहुतेक वेळा डीर्ड्री आणि झाखारोव्ह धरतो. हरित अर्थव्यवस्थेनं लोकसंख्येची वाढ मंदावते. ज्या मतांवर लाल एरवी एकटे निवडून आले असते तीच मतं मी स्वतःच्या हातानं कमी करत असतो. मॉर्गनचे संदेश तिखट होतात, सीमेवर यांगच्या फौजा दिसायला लागतात. झाखारोव्हला द्यायचं नसलेलं एखादं तंत्रज्ञान द्यावं लागतं आणि दहा टर्ननंतर ते त्यानं कुणाला विकलं हे कळतं. मग परिषद भरते. एकेक चेहरा उजळत जातो, आणि झाखारोव्हची पाळी येईपर्यंत तो कुणाच्या बाजूनं आहे हे मला खरोखर माहीत नसतं.