वारशाची नाणी घासू नका

शिवराई या तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा तपकिरी किंवा काळपट हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. तांब्यावर हवेचा परिणाम होत होत वर्षानुवर्षांनी हा घट्ट, गुळगुळीत थर बसतो आणि तोच आतल्या धातूची झीज रोखून धरतो. तरीही दर दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी डब्यातली नाणी बाहेर निघतात आणि चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर लावून लख्ख केली जातात. घरोघरच्या जुन्या नाण्यांचे मोठे नुकसान होते ते इथेच.

चिंच-लिंबातले आम्ल हा थर विरघळवते, राखेचे कण बारीक चरे पाडतात आणि उघडे पडलेले तांबे काही दिवसांतच पुन्हा काळवंडू लागते. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. हे नाणे शिवकाळानंतरही दीर्घकाळ पाडले गेले. अक्षरांचे वळण, ऱ्हस्व-दीर्घ आणि बिंदूंची मांडणी पाहून अभ्यासक त्याचे प्रकार वेगळे करतात. तसेच ब्रिटिश राजा पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची ओळख कमळाखालच्या एका टिंबावरून पटते. घासताना अक्षरांच्या कडा आणि अशी टिंबेच आधी जातात. त्यांच्यासोबत गेलेला पुरावा कोणत्याही उपायाने परत येत नाही.

पूजेत नाणी ठेवायला काहीच हरकत नाही. पण पंचामृत आणि ओले हळदकुंकू अक्षरांच्या खाचांत बसून राहते, ओल धरते आणि तिथूनच कळंक चढू लागतो. अभिषेकासाठी चलनातले नवे नाणे घ्यावे आणि वारशाच्या नाण्यांची पूजा कोरडीच करावी. घामातही क्षार आणि आम्ले असतात, म्हणून नाणे नेहमी कडेने धरावे.

हिरव्या रंगाचे सगळेच डाग मात्र निरुपद्रवी नसतात. फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली आणि पुसल्यावरही पुन्हा आली, तर तो कांस्यरोग समजावा. घामातून, खाऱ्या हवेतून किंवा जमिनीतून आलेले क्लोराइड तांब्याशी संयोग पावते. त्याला ओल आणि ऑक्सिजन मिळाला की आम्ल तयार होते, ते पुन्हा तांबे खाते आणि हे चक्र चालूच राहते. असे नाणे लगेच वेगळे करून कोरड्या डब्यात ठेवावे आणि संग्रहालयातल्या संवर्धन तज्ज्ञाला दाखवावे. घरगुती उपाय करू नयेत.

साठवणीत पहिला शत्रू दमटपणा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. तांब्याची नाणी ४० टक्क्यांच्या खाली सुरक्षित राहतात. त्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग पालटला की त्या वाळवून घ्याव्यात किंवा बदलाव्यात.

दुसरा शत्रू म्हणजे स्वस्त अल्बम. पीव्हीसीच्या मऊ कप्प्यांतून कालांतराने आम्ल आणि चिकट द्रव बाहेर पडतो आणि नाण्यावर हिरवट थर चढतो. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन किंवा मायलरची पाकिटे वापरावीत. पुठ्ठ्याच्या होल्डरला मारलेल्या लोखंडी पिना गंजतात, म्हणून त्या स्टेनलेस स्टीलच्याच असाव्यात.

चांदी गंधकाच्या संपर्काने काळी पडते. रबरबँड आणि लोकरीचे कापड तिच्यापासून दूर ठेवावे. नव्या लाकडातून आणि प्लायवूडमधून सेंद्रिय आम्लांच्या वाफा निघतात. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना त्या सर्वाधिक घातक असतात. त्यांच्यावर पांढरी पूड चढते आणि नाणे हळूहळू भुगा होते. अशा नाण्यांसाठी रंगाचा थर पक्का बसलेले धातूचे कपाटच योग्य.

वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, संग्रह उघडून प्रत्येक नाणे नीट पाहावे. या दिवाळीत मात्र चिंचेची वाटी नाण्यांजवळ आणूच नये.